ऑक्सिजनचा बाप

पाण्याच्या खोलीतला वास गावाला लवकरच ओळखीचा झाला. जवळ कुठे वीज पडून गेल्यावर हवेत जो उग्र, धारदार वास राहतो, तसा. कॅन भरायला येणाऱ्या बाया आधी नाक मुरडायच्या. पुढे त्याच वासावरून मशीन चालू आहे की बंद, हे रस्त्यावरूनच सांगू लागल्या. ब्लिचिंग पावडरच्या वासाला त्या जन्माच्या कंटाळल्या होत्या. जळगाव जामोदच्या खालची, पूर्णेकडची ही सगळी पट्टी खारपाणाची. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की मीठ, नळाचं घेतलं की औषध. आता पाणी गोड लागत होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता. वास होता तो फक्त खोलीला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दर पावसाळ्यात गावातली लेकरं हगवणीनं निपचित पडायची, ती त्या साली पडली नाहीत. यंत्रावर गावाचा विश्वास बसला तो काही उगाच नाही.

मशीन चालवायचं काम बचत गटानं रेणुकाकडे दिलं होतं. ती बारावी शिकलेली होती आणि घरी रिकामी होती, एवढंच कारण. तिचा नवरा देवानंद कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. जळगावला खाट नाही, शेगावला नाही, पुढे अकोल्याच्या रस्त्यावर गाडीतच त्याचा श्वास संपला. गाडीत मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याची आई जनकाबाई बसली होती, आणि दर फाट्यावर ती एकच विचारत होती, "ऑक्सिजन कुठी भेटते हो? ऑक्सिजन?" त्यानंतर रेणुकाला माहेरी परत पाठवा म्हणणारे पुष्कळ निघाले. तिला मूलबाळ नव्हतं, दुसऱ्या लग्नाचं वय होतं. जनकाबाई सगळ्यांना पुरून उरली. "पोराले मुकली मी, आता सुनेले नाई मुकणार," असं तिनं दारात उभं राहून सांगितलं आणि विषय मिटवला.

मशीन बसवायला अकोल्याहून ऋत्विक नावाचा फिटर आला होता. पोरगा बोलका, हसतमुख. चार माणसं जमली की त्याच्या अंगात यायचं. उद्घाटनाच्या दिवशी त्यानं सगळ्यांना एकेक भाग दाखवला. आधी खारेपणा काढायचा भाग, मग टाकी, आणि शेवटी भिंतीवरची दोन डबडी.

"हे पांढरं डबडं हवेतून ऑक्सिजन काढतं," तो म्हणाला. "आणि हे चंदेरी डबडं त्या ऑक्सिजनचा ओझोन करतं. ओझोन म्हणजे काय माहिताय का? ऑक्सिजनचा बाप! पाण्यात सोडला की एक जंतू वाचत नाही."

लोक हसले. कोणीतरी टाळी दिली. जनकाबाई हसली नाही. ती पांढऱ्या डबड्याजवळ गेली आणि गुरगुरणाऱ्या त्या पत्र्यावर तिनं तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

घरात आता तिघंच होते. जनकाबाई, रेणुका आणि सासरा जानराव. जानरावनं उभी हयात जिनिंगमध्ये काढली होती. कापसाची धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली ती बसलीच. दोन पावलं चालला की दम, दोन शब्द बोलला की दम. दम्याचा पंप ओढायचा, गोळ्या खायचा आणि मधल्या वेळात बायकोला चिडवायचा. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की ही छाती परत पहिल्यासारखी होणार नाही, पण जपली तर आणखी बरीच वर्षं काढेल. जनकाबाईनं त्यातला 'जपली तर' एवढाच शब्द घरी आणला.

एक दिवस ती डबा घेऊन खोलीवर आली आणि रेणुकाचं जेवण होईपर्यंत पायरीवर बसली. बसल्या बसल्या तिची नजर टाकीच्या झाकणातून निघून छपरातून वर गेलेल्या पाइपवर गेली.

"हा पाइप कायचा व?"

"उरलेला गॅस बाहेर जाते, आत्याबाई. पाण्यात मुरून जो राह्यते तो."

"गॅस म्हंजे?"

"तोच. ओझोन."

"म्हंजे ऑक्सिजनच ना?"

"त्याच्याहून वरचा म्हणे."

जनकाबाई उठून पाइपखाली आली, मान वर करून पाहिलं. मग हळू म्हणाली, "अन् तो आपण असा हवेत सोडून राह्यलो?"

रेणुकाचा घास हातातच राहिला. शाळेत असताना भिंतीवर चित्र होतं: पृथ्वी, तिच्याभोवती निळं कडं, आणि खाली 'ओझोन वाचवा'. ओझोन पृथ्वीला जपतो, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुण मिळाले होते. ऑक्सिजनसाठी माणसं रस्त्यावर मेली, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर तिसरी आपोआप खरी वाटली.

"मामाजीले इथं आणून बसवता येईन," ती म्हणाली.

"मी तेच म्हणून राह्यली. लाव पाइप अंदर."

ठिबकची जुनी नळी घरी पडली होती. रेणुकानं छपराचा जोड काढला, नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक खोलीत खुर्चीपाशी आणलं. पहिल्या दिवशी जानरावनं ते टोक नाकाशी धरलं आणि झटकन बाजूला केलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"लय जालीम हाये बापा!"

"औषध गोड असते काय कधी?" जनकाबाई म्हणाली. मग तिघांच्या विचारानं नळी वर खिडकीच्या गजाला बांधली, म्हणजे हवा थेट तोंडावर न येता हळूहळू खाली उतरेल. वाया जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.

"काय व, मी काय कॅन हावो काय?" जानराव म्हणाला. "भरून, झाकण लावून ठेवून राह्यल्या तुमी मले."

"कॅन असते तर बरं होतं. बोलत नसते."

पहिले काही दिवस त्याला खरंच बरं वाटलं. कित्येक महिन्यांत तो घराबाहेर पडला नव्हता. आता सकाळ-संध्याकाळ रेणुकाच्या खांद्याला धरून तो खोलीवर यायचा, पाण्याला आलेल्या लोकांशी बंद खिडकीच्या काचेतून हातवारे करायचा, खबर काढायचा. भाजीवाला भागवत शेतात जाता-येता काच वाजवून विचारायचा, "काय काका, व्हीआयपी वार्ड?" जानराव आतून हात जोडायचा. रात्री तो पोटभर जेवू लागला. जनकाबाईनं गावभर सांगितलं. या खेपेला आपण वेळेवर पोचलो, असा काहीतरी ताठा तिच्या मानेत आला होता.

खोकला नंतर आला. आधी कोरडा, मग छातीच्या तळातून. घशात काटे टोचतात म्हणायचा. खोल श्वास घ्यायला गेला की मध्येच अडायचा, जणू कोणी आतून दोरी ओढून धरली आहे. रेणुकाचंही डोकं रोज दुखत होतं आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे. तिनं ते कामावर ढकललं. खोलीतलं रबर मात्र टिकत नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. पिशव्यांना लावलेली रबरबँड हात लावला की तुटायची, नळाचे वॉशर चिरायचे, तिच्या चपलेचा पट्टा दाराआड पडून होता तो बोटानं दाबला तर भेगाळला. रबर हल्ली कमअस्सल येतं, असं ती म्हणाली आणि भागवतनंही तेच म्हटलं.

जानरावचा दम वाढला, तसा जनकाबाईनं त्याचा अर्थ लावला. कमी पडतंय. देवानंदलाही कमीच पडलं होतं. तिनं त्याचा मुक्काम वाढवला. मशीन चालू असेल तोवर तो खुर्चीत बसायचा, दुपारचं जेवणही तिथंच. एकदा त्यानं हात हलवून घरी जाऊ दे म्हटलं. "बसा हो, आणखी थोडं," ती म्हणाली, "फुकट भेटून राह्यलं तर तुमाले मस्ती आली." आणि तिनं त्याच्या पाठीमागे उशी सारखी केली. तो बसला. त्यानं आयुष्यभर तिचं ऐकलं होतं, फक्त ऐकताना कुरकुर करायचा. आता कुरकुर करायलाही दम पुरत नव्हता.

वॉशर पुन्हा पुन्हा गळायला लागले म्हणून रेणुकानं फिटरला फोन केला. तो आला त्या दिवशी जनकाबाई शेगावला गेली होती, नातेवाइकाच्या घरी बारसं होतं. ऋत्विकनं दार ढकललं, एक पाऊल आत टाकलं आणि कोपरानं नाक दाबून तसाच मागे आला. मग पुन्हा श्वास धरून आत शिरला, भिंतीवरचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. खुर्चीत मान टाकून बसलेल्या म्हाताऱ्याकडे त्यानं पाहिलं, वर गजाला बांधलेल्या नळीकडे पाहिलं.

"हे कोणी लावलं?"

"आमीच. उरलेला बाहेर जाऊन राह्यला होता, म्हणून..."

"ताई, आधी यांना बाहेर घ्या. आधी बाहेर."

दोघांनी जानरावला उचलून पिंपळाखाली आणलं. त्याचे ओठ काळपट दिसत होते. ऋत्विक त्याच्यासमोर उकिडवा बसला, पण त्याला काही करता येत नव्हतं. तो नुसता बसला.

"तो श्वासात घ्यायचा नसतो," तो म्हणाला. "पाण्यात ठीक आहे. पाण्यातला थोड्या वेळात विरून जातो, प्यायला काही धोका नाही. पण हवेतला छाती जाळतो. तुमचे वॉशर चिरतात तेही त्यानंच. पाण्यातल्या जंतूंचं जे करतो ना, तेच आतल्या कातडीचं करतो. म्हणून तर तो पाइप वर काढलेला असतो."

"ऑक्सिजनच ना पण तो?"

"नाही हो ताई."

"तुमीच म्हटलं होतं." रेणुकाचा आवाज चढला नव्हता. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. "ऑक्सिजनचा बाप म्हणे."

ऋत्विक म्हणाला, "मी... सगळीकडे म्हणतो मी तसं. लोक हसतात म्हणून."

भागवतच्या गाडीतून जानरावला तालुक्याला नेलं. या वेळी खाट मिळाली. नळी मिळाली, मास्क मिळाला, बाटलीत बुडबुडे येणारा ऑक्सिजन मिळाला. रेणुकानं डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टर वयानं तिच्याएवढीच होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मग विचारलं, "किती दिवस?" रेणुकानं सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिली. "छाती आधीच अधू होती," ती म्हणाली. "या हवेनं ती आतून सुजली. निरोगी माणसालाही ती सोसत नाही. आम्ही करतो आहोत ते करू." तेवढ्यावरून रेणुकाला कळायचं ते कळलं.

जनकाबाई शेगावहून परस्पर दवाखान्यात आली. आल्या आल्या विचारलं, "इथं काऊन आणला? घरी होतं ना आपलं?"

"पाइप काढावा लागला, आत्याबाई. कंपनीचा नियम हाये म्हणे. फिटरनं काढायले लावला."

हे खोटं रेणुकाच्या तोंडून आपसूक निघालं. तिनं ते ठरवलं नव्हतं. समोर जनकाबाईचा चेहरा होता, आणि 'लाव पाइप अंदर' हे शब्द कोणाचे होते ते दोघींनाही माहीत होतं.

"आमच्या हवेनं कंपनीचं काय खाल्लं?" जनकाबाई म्हणाली.

जानराव मंगळवारी गेला, भरदुपारी. मास्क तोंडावर होता आणि बाटलीत बुडबुडे चालूच होते.

माती झाली. माणसं येऊन बसू लागली, आणि जनकाबाई प्रत्येकाला एकच सांगू लागली. "दवाखान्यातला साधा होता हो ऑक्सिजन. याले वरचा लागत होता. चांगला बसत होता खुर्चीत, जेवत होता, हसत होता. पाइप काढला अन् माणूस गेला." मग रेणुकाकडे बोट नाही, पण मान वळायची. "कंपनीनं सांगतलं म्हणे. कंपनीचं ऐकलं, माह्यावाल्या माणसाचं नाई पाह्यलं."

बायका रेणुकाकडे पाहायच्या. चहाचे कप उचलता उचलता रेणुका ते ऐकून घ्यायची. तिला वाटायचं, असू दे. एक शब्द बोलला तर हा सगळा राग तिच्यावरून उठून जनकाबाईच्याच छातीवर जाऊन बसेल, आणि मग तो तिथून कधी उठणार नाही. मला शिव्या देऊन म्हातारी जगेल. खरं कळलं तर कशावर जगेल? देवानंद गेला तेव्हा जग दोषी होतं. आता दोषी असायला सून पुरेशी होती. फक्त एकच धास्ती रेणुकाला होती: हे घर तिला राहू देईल का. जानरावच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जनकाबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. रेणुकाच्या भावाला मात्र म्हणाली, "बहिणीले घेऊन जायचं असंन तर घेऊन जा. मी आता कोणाले अडवत नाई."

भाऊ म्हणाला, रविवारी येतो.

शनिवारी सकाळी रेणुका मशीन सुरू करायला गेली तर खोलीचं कुलूप उघडं होतं. खोलीची दुसरी किल्ली घरी खुंटीला असायची, आणि कॅन घेऊन आलेली माणसं बाहेर ओळीत उभी होती, म्हणून आधी तिला काही वेगळं वाटलं नाही. दार ढकललं. भागवत स्टुलावर चढून ठिबकची नळी छपराच्या जोडात बसवत होता. खुर्चीत त्याची आई, अन्नपूर्णाबाई, हातात रुमाल घेऊन बसली होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. आणि भिंतीला टेकून जनकाबाई त्याला सांगत होती, "तसा नाई रे, गजाले बांध. थेट नाकावर नाई सोसत. वरून हळूहळू उतरला पायजे."

"भागवतभाऊ, खाली उतरा."

"वहिनी, मायले रातभर झोप नाई. काकूच म्हणे, पडून हाये नळी, घेऊन जाय..."

"उतरा म्हणते ना."

"काऊन?" जनकाबाई पुढे आली. कितीतरी दिवसांनी ती सुनेशी थेट बोलत होती. "तुह्या बापाचं हाये काय मशीन? माह्या माणसाचा ऑक्सिजन तोडला, आता या म्हातारीचा बी तोडतं?"

कंपनीचं नाव घेऊन आणखी एकदा निभावता आलं असतं. पण उद्या भाऊ येणार होता. ती गेली की परवा सकाळी हीच नळी याच गजाला पुन्हा बांधली जाणार होती, आणि तेव्हा उतरा म्हणायला इथं कोणी नसणार होतं. अन्नपूर्णाबाई तिच्याकडे बघून बोळकं हसली. तिला कमी ऐकू यायचं. इथं काय चाललं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"मामाजी यानंच गेले," रेणुका म्हणाली.

"कायनं?"

"या हवेनं. नळी काढल्यानं नाई, आत्याबाई. लावल्यानं."

भागवत स्टुलावरच थांबला. नळीचं टोक त्याच्या हातात होतं. ते त्यानं अंगापासून लांब धरलं.

"काही बी बोलते," जनकाबाई म्हणाली. "ऑक्सिजन हाये तो. बाप हाये ऑक्सिजनचा."

"नाई. छाती जाळते तो. फिटरनं सांगतलं, दवाखान्यातल्या मॅडमनं सांगतलं. खोकला त्याचाच होता. घशातले काटे त्याचेच. माह्यं डोकं दुखत होतं, ते बी त्याच्यानंच. जेवढं जास्त बसवलं..."

भागवत खाली उतरला. त्यानं आईच्या काखेत हात घातला. "चाल माय." म्हातारी कुरकुरली, आत्ताच तर बसली म्हणाली. त्यानं तिला जवळजवळ उचलूनच बाहेर नेलं. जाताना त्यानं कोणाकडे पाहिलं नाही.

खोलीत दोघी राहिल्या. जनकाबाई रिकाम्या खुर्चीवर बसली. पाय थकल्यासारखी, एकदम.

"तुले कवा समजलं?"

"नळी काढली त्याच दिवशी."

"अन् इतके दिवस मी तुले चार लोकात बोलून राह्यली, तवा तोंडात काय बोळा कोंबला होता?"

रेणुकानं उत्तर दिलं नाही, आणि ते उत्तर जनकाबाईला हळूहळू ऐकू आलं. आधी तिच्या कपाळावरची आठी गेली. मग तोंड अर्धवट उघडलं.

"तो एक डाव म्हणे घरी जाऊ दे," ती म्हणाली. "म्या म्हटलं, बसा." मग म्हणाली, "पाइप लाव म्हणून मीच म्हटलं होतं."

"म्हटलं तुमी. लावला मी."

बाहेर कोणीतरी रिकामा कॅन जमिनीवर आपटला. "ओ बाई, सुरू करा ना! शाळेची वेळ झाली लेकराईची!"

रेणुका स्टुलावर चढली. तिनं ठिबकची नळी ओढून काढली आणि छपराचा जुना जोड पुन्हा बसवला, हातानं हलवून पाहिला, पुन्हा आवळला. दोन्ही खिडक्या उघडल्या, दाराला वीट लावली.

"तुमी बाहेर बसा, आत्याबाई."

जनकाबाई हलली नाही. रेणुकानं थोडा वेळ वाट पाहिली, मग भिंतीवरचं बटण दाबलं. पांढरं डबडं गुरगुरायला लागलं, टाकीत बुडबुडे उठले, बाहेरच्या नळाला पाणी आलं आणि रांग पुढे सरकली. खुर्चीत बसल्या बसल्या जनकाबाईनं पदर उचलला, दुहेरी घडी केली आणि नाकातोंडावर घट्ट दाबून धरला.